पलीकडच्या बांधावरचा आवाज

दर वर्षी हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलं की सविताचा फोन येतो. तारीख ठरलेली नसते. दसऱ्याच्या आगेमागे, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. मागे एखादं दुसरं शिलाई मशीन अजून घरघरत असतं. ती आधी विचारते, "काका, जेवलात का?" मी हो म्हणतो. मग ती काकूंची तब्येत विचारते. मग जरा थांबते आणि विचारते, "ते काय गावलं का?"

मी म्हणतो, "अजून नाही गं."

"बरं. ऱ्हाऊ द्या. ठेवते."

एवढंच बोलणं, पाऊण मिनिटाचं. दहा वर्षं हे चाललं, आणि दहाही वेळा मी खोटं बोललो. ती जे शोधते आहे ते सापडणार नाही, कारण ते मी माझ्या हाताने पुसलं आहे. तिला मात्र सांगून ठेवलं होतं की बिघडलेली डिस्क दुरुस्तीला दिली आहे, काही निघालं तर कळवीन. अशी डिस्क नव्हतीच. आणि दोष तर मी त्याआधीच दुसऱ्या माणसावर टाकला होता. त्याचं नाव दिगंबर. तो अंबरनाथला राहतो. आता माझं वय चौऱ्याहत्तर. हे कागदावर उतरवायला आणखी एक हंगाम जाऊ द्यायचा नाही, असं या वर्षी ठरवलं.

बदलापूरला शिरगावच्या पुढे आमची इमारत आहे. पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून दोन टॉवरांच्या मधल्या फटीत भाताचा एक तुकडा अजून दिसतो. चार-सहा खाचरं असतील. पाऊस सरला की ती आधी हिरवट पिवळी होतात, मग पिवळीजर्द, आणि एके सकाळी त्यांतलं एक खाचर अचानक उघडं पडलेलं दिसतं. कापलेल्या भाताचा वास पाचव्या मजल्यापर्यंत येतो. ओलसर, गोडसर, थोडा मातीचा. आमच्या मजल्यावरची माणसं तो वास आला की गॅलरीत येऊन उभी राहतात. मी दार लावून घेतो. बायको म्हणते, अहो, एवढा छान वारा सुटलाय. मी म्हणतो, धूळ येते.

मी आयुष्यभर आवाज लहान करण्याचं काम केलं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत टेलिफोनची उपकरणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे हे शिकलो. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने बोलावलं. बारवी धरणाच्या आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी त्यांना मोबाइलवर ऐकायचं एक केंद्र चालवायचं होतं. औषधपाण्याची माहिती, हवामान, आणि त्याच वाड्यांमधली गाणी. अट एकच होती. सगळ्यात स्वस्त फोनवर, सगळ्यात कमी रेंजमध्येही ते न अडखळता चाललं पाहिजे. संस्थेने उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. खाली जीन्सचा कारखाना होता. जिन्यावर निळी धूळ, भिंतीला निळे हात पुसलेले. मालक सिंधी होते. एकदा वर येऊन त्यांनी विचारलं की मी दिवसभर करतो तरी काय. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "साईं, हम भी यही करते हैं. गठ्ठा दबाओ, हवा निकालो, टेम्पो में डबल माल." मी हसलो. मनात म्हटलं, तुमची तर फक्त हवा जाते.

आवाज लहान करायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. गाण्याच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये माणसाच्या कानाला जाणवतही नाही असं पुष्कळ असतं. मोठ्या आवाजाला लागून आलेला बारीक आवाज कान सोडून देतो. तो आपणही सोडून द्यायचा. हे झालं साधं दाबणं. पण डोंगरातल्या रेंजमध्ये तेवढ्याने भागत नाही. तिथे बोलण्यासाठी बनवलेली पद्धत लागते. तीत आवाज पाठवतच नाहीत, गळ्याचं वर्णन पाठवतात. तोंड किती उघडलं, स्वर किती ताणला, श्वास किती सोडला. पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. एका वेळी एक गळा असेल तर हे छान चालतं. आणि कुणी बोलत नसेल तेव्हा काहीच पाठवायचं नाही, तेवढीच बचत. मात्र फोनमध्ये अगदी शांतता झाली तर ऐकणाऱ्याला वाटतं लाइन तुटली. म्हणून त्या रिकाम्या जागेत फोन स्वतःच एक मंद सूं आवाज तयार करून घालतो. आमच्या कामात त्याला दिलाशाचा आवाज म्हणायचे.

आता, कुणी बोलतंय की नाही हे कोण ठरवतं? एक आकडा ठरवतो. त्याच्या वर आवाज असला तर बोलणं, खाली असला तर गोंगाट. त्याला आम्ही उंबरठा म्हणायचो. तो आकडा मी ठरवायचा.

अकरा वर्षांपूर्वी, कापणीच्या शेवटच्या दिवशी, संस्थेसाठी गाणी टिपणारा दिगंबर एका ठाकूरवाडीत रेकॉर्डिंगला गेला होता. तो माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, लांब पायांचा, कमी बोलणारा. त्या वाडीत एक रीत आहे. शेवटचं खाचर कापून होतं तेव्हा बायका दोन बांधांवर वाटल्या जातात, मध्ये ओढा. अलीकडच्या बायका गाण्यातून विचारतात, "कुणाचा गं विळा टांगला?" आणि पलीकडच्या बायका लेकींची नावं घेतात. ज्या लग्न होऊन गेल्या, कामाला शहरात गेल्या, ज्यांचे विळे या वर्षी भिंतीवरच राहिले, त्यांची. ज्या मुलीचं नाव घेतलं तिने नव्या भाताच्या जेवणाला घरी यायचं. मग ती भांडून गेलेली असो, पळून गेलेली असो. नाव घेतलं की तिला कुणी काही विचारायचं नाही. आणि जिचं नाव कुणी घेत नाही, तिने समजून जायचं.

दिगंबर मला हे सगळं येऊन सांगत होता. त्याच्या पँटच्या पायांना कुसळं चिकटलेली होती, मानेवर भाताची खाज उठलेली होती. दोन्हीकडचं यावं म्हणून तो गुडघाभर पाण्यात, ओढ्याच्या मधोमध उभा राहिला होता. "साहेब, असं रेकॉर्डिंग मी आजवर केलं नाही," तो म्हणाला. स्वतःविषयी तो असं कधी बोलत नसे.

मी हेडफोनवर ते एकदा ऐकलं. अलीकडच्या बायका जवळून, भरदार. मग वारा, किड्यांची किरकिर, कुठे तरी भारा आपटल्याचा धप्प आवाज, आणि त्या सगळ्यातून लांबून आलेली एक बारीक रेघ. बायकांचीच होती. शब्द ऐकायचे तर कान द्यावा लागला असता. मी दिला नाही. मी बघत होतो वेगळंच. माझी पद्धत त्या किड्यांनाही गळा समजून त्यांचं वर्णन करायला धडपडत होती, त्यात सगळी जागा जात होती, आणि डोंगरातल्या फोनवर गाणं अडकत होतं. पुढच्या आठवड्यात संस्थेची पाहणी होती. इतक्या कमी जागेत गाणं वाजवून दाखवतो म्हणून मी शब्द देऊन बसलो होतो. मी उंबरठा एक पायरी वर नेला. किडे गेले. आणखी एक पायरी नेली. वारा गेला. गाणं अडखळायचं थांबलं. स्वच्छ वाजायला लागलं. मी खुर्चीत मागे रेललो तो क्षण मला अजून आठवतो. आयुष्यात इतकं लहान मी काही केलं नव्हतं.

दिगंबरने ते ऐकलं आणि विचारलं, "साहेब, पलीकडच्या बायका कुठं गेल्या?"

मी म्हणालो, "तुझ्या माइकमध्ये नीट आल्याच नाहीत. नुसता गोंगाट होता."

तो माइककडे बघत राहिला. मग वायर काढून तिची टोकं तपासायला लागला. मूळ फाइल माझ्याच समोर होती, एक कळ दाबून त्याला ऐकवता आली असती. मी चहा मागवला.

त्या महिन्यात ते गाणं केंद्रावर पुष्कळ वाजलं. पाहणीला आलेले लोक खूश झाले. आमच्या खालच्याच कारखान्यात बायका काम करताना फोनवर ते लावत. मशिनांच्या आवाजात, पाकिटाएवढ्या फोनवरही ते स्पष्ट ऐकू येई. मी जिन्यात मुद्दाम थांबून ऐकत असे.

तिथेच सविता काम करत होती. खिसे शिवायची. वीस-बावीस वर्षांची, बोटांची पेरं निळी झालेली. मार्गशीर्षात एका दुपारी ती जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ते गाणं आमच्या वाडीचं आहे. मला आनंद झाला. मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

तिने सांगितलं ते मी जमेल तसं मांडतो. दीड वर्षापूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं, परजातीच्या मुलाशी. भावाने वाडीसमोर सांगितलं होतं की ही आम्हाला मेली. आई तेव्हा काहीच बोलली नव्हती, ना बाजूने ना विरुद्ध. त्यानंतर घरून एक शब्द नाही. आणि आता अचानक आईच्याच खाचरातलं गाणं फोनवर लागलं. पलीकडच्या बांधावर तिची आई असते, दर वर्षी तिथेच असते.

"बाया इचारतात, आन् पलीकडून कुणी बोलतच नाय, काका. नुसतं सूं वाजतं. पुन्हा इचारतात, पुन्हा सूं. माझ्या आईनं नाव घेतलं का नाय, तेवढं मला ऐकवा. घेतलं असंल तर मी उद्या जाते."

आता थांबून विचार करतो तेव्हा त्या क्षणाला किती लहान जागा लागली असती ते कळतं. कॉम्प्युटर चालू होता. मूळ फाइल त्यात होती. हेडफोन टेबलावर होते. तिच्या कानाला लावायचे आणि एक कळ दाबायची. पण ते केलं असतं तर खाली पन्नास बायकांना कळलं असतं की वर बसलेल्या काकांनी अर्धं गाणं कापून टाकलं. तिथून ते संस्थेत गेलं असतं. ज्यांनी माझी पाठ थोपटली होती त्यांनी विचारलं असतं, आणखी काय काय कापलंत? हे सगळं मी एका श्वासात मोजलं. माणूस घाबरला की हिशेब फार वेगाने करतो.

मी म्हणालो, "रेकॉर्डिंग करणाऱ्याने माइक त्या बाजूला फिरवलाच नाही गं. त्याचं लक्ष नव्हतं. आमच्याकडे जे आहे ते एवढंच."

तिने विचारलं, तो माणूस कोण, त्याला तरी विचारते. मी म्हणालो, ज्याचं लक्षच नव्हतं त्याला विचारून काय मिळणार? हे वाक्य मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं.

ती गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या, मग मशिनांत मिसळल्या. मी ती फाइल शोधली. ऐकावी असं मनात आलं, हेडफोन हातात घेतलेही. पण ऐकलं असतं तर मला कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. मी न ऐकता ती पुसली. मग डिस्कवर जागा हवी होती असं स्वतःला सांगितलं. त्याच दिवशी संस्थेला कळवलं की बाहेरची रेकॉर्डिंग अर्धवट येत आहेत, दिगंबरचं कामात लक्ष नाही. पुढच्या हंगामाला त्याला बोलावणं गेलं नाही.

सविता घरी गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिची आई वारली. श्रावणात ती पुन्हा वर आली, या वेळी खुर्चीत बसली. भाऊ म्हणतो आईने नाव घेतलं नव्हतं, चुलती म्हणते आठवत नाही, असं तिने सांगितलं. आता जायचं-यायचं काही उरलं नव्हतं. तिला फक्त आईचा आवाज हवा होता. माइक फिरवला नव्हता, हे मी तिला सांगून चुकलो होतो. तरी तिने विचारलं, लांबचा का होईना, थोडा तरी आला असेल ना? पूर्ण फाइल मिळेल का? तेव्हा मी ती डिस्क बिघडवली आणि दुरुस्तीला दिली. तोंडाने.

त्यानंतर केंद्र बंद झालं. सगळ्यांच्या फोनला चांगलं इंटरनेट आलं, माझ्या कलेची गरज संपली. आज माझ्या शेजारचे लोक भाजी चिरता चिरता सिनेमे बघतात. ज्या जागेसाठी मी ते केलं ती जागा आता कुणी मोजतही नाही. मी एकदा ओझरतं दिगंबरला अंबरनाथच्या भाजीबाजारात पाहिलं आणि रस्ता बदलला. शिवमंदिराच्या बाजूला तो मिक्सर दुरुस्त करतो एवढं कुणाकडून तरी कळलं होतं. माझी बहीण त्याच भागात राहते. तिच्याकडे जाताना मी लांबच्या रस्त्याने जातो. ती विचारते, रिक्षावाल्याने फिरवून आणलं का?

मग या वर्षी मला कानाचं यंत्र लागलं. डॉक्टरीण तरुण आहे, समजावून सांगते. जवळचं बोलणं नीट ऐकू येईल, लांबचं सगळं यंत्र गोंगाट धरून दाबून टाकेल, घाबरू नका, असं ती म्हणाली. मी म्हणालो, मला माहीत आहे ते कसं करतं. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. आश्विनात एका सकाळी मी गॅलरीचं दार लावत होतो तेव्हा बायको म्हणाली, थांबा, खालच्या शेतातली बाई बघा कशी हाका मारतेय, कुणाला बोलावतेय कोण जाणे. मी वाकून पाहिलं. बांधावर एक बाई उभी होती, दोन्ही हात तोंडाशी धरून. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मला काही ऐकू आलं नाही. स्वच्छ, गुळगुळीत शांतता होती, आणि तिच्या तळाशी ते सूं. बायकोने दोनदा विचारलं, अहो, काय झालं? मी तिथेच खाली बसलो होतो.

चार दिवसांनी सविताचा फोन आला. जेवलात का, काकू कशा आहेत, आणि मग, "ते काय गावलं का?"

मी म्हणालो, "सविता, रविवारी अंबरनाथला ये. एका माणसाकडे जायचंय."

दिगंबरची खोली तळमजल्यावर आहे. तो पलंगावर पाय लांब करून बसला होता. गुडघे गेले आहेत. आजूबाजूला मिक्सरची भांडी, पाती, वायरी. मला बघून तो उठायला लागला. मी बस म्हणालो. मग सविताला बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. उंबरठा, मूळ फाइल, पाहणी, संस्थेला कळवलेलं, डिस्क. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. दिगंबरच्या हातात पेचकस होता, तो एका पात्याचा स्क्रू फिरवत राहिला. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

"म्हणजे माझी वायर चांगली होती," तो म्हणाला.

"हो."

"माइक पण."

"हो."

"दोनदा दुरुस्तीला नेला मी तो. मुंबईत लॅमिंग्टन रोडपर्यंत गेलो साहेब. दुकानवाला म्हणाला, मामा, इसमें कुछ नहीं है, आप कान दिखाओ." तो जरासा हसला. त्याची बायको आतून चहाचे कप घेऊन आली होती, ती हसली नाही. तिने दोन कप ठेवले, एक दिगंबरपुढे, एक सवितापुढे.

सविता माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "मी त्या साली गेली असती, काका."

 

मग ती दिगंबरकडे वळली. ओढ्यात उभे होतात म्हणजे कानाला लावलं असेल ना, ऐकलं असेल ना, असं तिने विचारलं. तो म्हणाला, ऐकलं तर. ती म्हणाली, मग कुणाकुणाची नावं घेतली ते सांगा. स्वतःचं नाव तिने सांगितलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. अकरा वर्षांपूर्वीची चार नावं कुणाला आठवणार, असं मला वाटलं. भीतीही वाटली. तो आता दयेपोटी 'सविता' म्हणेल आणि आपल्याला खरंखोटं कधीच कळणार नाही.

दिगंबरने डोळे मिटले. "येसूचा विळा. मग कमळीचा. मग दोघी बहिणी होत्या, त्यांची जोडीनं घेतली. मग कुणी बोलेना. इकडच्यांनी पुन्हा विचारलं, तरी कुणी बोलेना. मला वाटलं संपलं, बंद करणार होतो. तेवढ्यात एक बाई एकटीच म्हणाली. बाकीच्या गप्प. आवाज फाटला होता तिचा, मी हेडफोन हातानं दाबून धरले." तो थांबला, आणि मग चालीवर नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हणाला, "बुधीचा विळा म्या पाजवून ठेवलाय."

 मी सविताकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर घेतला होता.

"बुधवारी झाले मी," ती म्हणाली. "घरात बुधीच म्हणायचे. सविता शाळेतलं. इकडं कुणाला ठावं नाय."

दिगंबर म्हणाला, इतकं कसं लक्षात राहिलं असं वाटत असेल ना, तर सांगतो. माझ्या हातून तेच एक गेलं असं मी समजून होतो. दुसरं काही आठवत नाही, पण ते रोज आठवतं.

मी जन्मभर ज्याला ऐकण्याचं काम समजलो, ते त्या माणसाने केलं होतं. आणि याचं लक्ष नव्हतं असं सांगून मी एका मुलीला त्याच्या दारापासून दूर ठेवलं होतं. ती उल्हासनगरला, तो अंबरनाथला, मध्ये पाच-सहा किलोमीटर. फाइल पुसल्यावरही आवाज शिल्लक होता, अकरा वर्षं, शिवमंदिराच्या बाजूला, तळमजल्यावर. तो मी दुसऱ्यांदा पुसला होता.

सविताने डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला. म्हणाली, भावाला पाठवायचंय, यात बोला. तो लिहिलेलं वाचू शकत नाही. मी फोन हातात घेतला आणि बोलायला लागलो. त्या वेळी डोंगरात रेंज फार कमी असायची, किड्यांच्या आवाजामुळे... तिने हात पुढे करून ते थांबवलं आणि पुसलं.

"हे नको. त्याला काय करायचंय रेंजशी? कमी करा."

मी पुन्हा बोललो. तरी पाहणीची गोष्ट आलीच. तिने तेही पुसलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "तुमच्या गाण्यातलं पलीकडच्या बायकांचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं. दिगंबरने ते बरोबर घेतलं होतं. मी ते मुद्दाम पुसलं, आणि तुमच्या बहिणीशी खोटं बोललो." आवाज लहान करत मी चाळीस वर्षं काढली. इतकं लहान आणि त्यातलं काही न गाळता, हे एकदाच जमलं.

मग दिगंबरची पाळी होती. तो पलंगावरूनच बोलायला लागला. मी त्याला थांबवलं. एवढ्या लांबून फोन त्याचा आवाज गोंगाट समजला असता. मी पातीभांड्यांतून वाट काढत त्याच्याजवळ गेलो, खाली बसलो आणि तो बोलेपर्यंत फोन त्याच्या तोंडाशी धरून ठेवला. तो चारही नावं बोलला, मग ती शांतता कशी होती तेही बोलला, मग शेवटचं. 

सविताने दोन्ही पाठवली. आम्ही तिघं आणि दिगंबरची बायको, त्या फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने कळलं की भावाने ऐकली आहेत. उत्तर आलं नाही. दिगंबर म्हणाला, उशिराच्या, गरव्या भाताची घाई असेल, शेतात असेल. मी म्हणालो, थोडं थांब, संध्याकाळपर्यंत येईल. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.

"आईनं नाव घेतलंय," ती म्हणाली. "आता त्याला कशाला इचारू?"

ती दिगंबरच्या पाया पडली, त्याच्या बायकोच्या पडली. माझ्याकडे तिने पाहिलं, पण थांबली नाही. तिच्या वाडीच्या वाटेची, बदलापूरला जाणारी रिक्षा कोपऱ्यावर उभी होती, तीत बसली.